चार घुमटांची वाटणी

३ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार, आणि लगेच कामाचं बोलते, कारण माझ्या डोक्यावर टांगती तलवार आहे.

आईनं तुला कळवलंच असेल, नाटक कंपनीत मला बढती मिळाली. इतकी वर्षं कपडेपटात बटणं लावत होते. आता रंगमंचावरचं सगळं सामान माझ्याकडे आलंय. कपबशीपासून बंदुकीपर्यंत जे काही नट हातात धरतात, ते मी शोधायचं, आणायचं, जागच्या जागी ठेवायचं. पण हे फक्त या एका नाटकापुरतं. जमलं तर कायम, नाही जमलं तर परत सुई-दोरा.

आणि नाटकाला हवं काय, तर चांदीचे चार घुमट! म्हणजे जुन्या मेजवान्यांत वापरायचे ना, खाली ताटली आणि वर मोठ्ठं गोल झाकण, तसे. शेवटच्या अंकात चार वाढपी ते चार पाहुण्यांपुढे ठेवतात आणि एकदम उचलतात. खाली काहीच नसतं. यजमान कंगाल झालाय, हे पाहुण्यांना तिथं कळतं. दिग्दर्शक म्हणतात, झाकण उचलताना चांदीचा नाद शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. मी भाड्यानं भांडी देणाऱ्याकडून चार आणले. त्यांनी एकाला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "बाई, हा डबा आहे."

घरी येऊन रडगाणं गायले. तेव्हा आईनं लोकरीच्या गुंड्यांवरचं झाकण काढून माझ्यापुढे ठेवलं. मग किल्ल्या ठेवायची ताटली रिकामी केली. मावशी, मी या दोन वस्तू जन्मापासून बघतेय, त्या एकाच जातीच्या आहेत हे मला कधी सुचलं नाही! पण झाकण ताटलीवर बसत नाही, एका बाजूनं डुगडुगतं. आई म्हणते, "ते पहिल्यापासून असंच आहे. जास्त विचारू नकोस, मावशीला लिही."

म्हणून लिहिते. हे काय प्रकरण आहे? आणखी आहेत का? खरी चांदी ओळखायची कशी? पहिला प्रयोग दोन मार्चला आहे.

तुझी
भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

बढतीबद्दल शाबास. तुझ्या आईनं काहीही कळवलेलं नाही. तिला वाटतं मला सगळं आपोआप समजतं.

आता ऐक. तुझ्या आजोबांचं हॉटेल होतं, हे तुला माहीत आहे. बारा खोल्या, खाली भोजनगृह. खास पाहुण्यांसाठी चार घुमट होते. हॉटेल विकलं तेव्हा आम्ही चार भावंडं सामान वाटून घ्यायला बसलो. चार घुमट, चार भावंडं. शेंबड्या पोरालाही वाटणी जमली असती ना? पण तुझा थोरला मामा मधे बसला होता. तो म्हणाला, एका घुमटाला पोचा आहे, तो ज्याच्या वाट्याला येईल तो जन्मभर कुरकुर करेल. तेव्हा सगळे सुटे करा, चादरीखाली ठेवा, आणि प्रत्येकानं डोळे मिटून दोन-दोन नग उचला. कुणावर अन्याय नको!

मी म्हटलं, "दादा, अरे, झाकणं आणि ताटल्या वेगळ्या होतील." तर म्हणाला, "तू शहाणपणा शिकवू नकोस." उचलले नग. मला दोन झाकणं आली. धाकट्याला दोन ताटल्या. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, आणि दादाला एकेक झाकण, एकेक ताटली, पण भलत्याच जोडीची. दादानं आपलं झाकण आपल्या ताटलीवर ठेवलं आणि ते डुगडुगलं. मला हसू आवरेना. मी इतकी हसले की खाली बसले. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. माझ्या लॉजच्या उद्घाटनालाही आला नाही. मीही त्याच्याकडे गेले नाही मग. मला काय गरज पडलीय?

ओळखायचं असं: झाकणाच्या काठाच्या आत बघ. चार बारीक ठसे ओळीनं असतील, भिंग घे. मग मूठ, कड, जिथं जास्त घासलं जातं तिथं बघ. मुलामा असेल तर आतलं तांबं लालसर डोकावतं. चांदी असेल तर तिथंही चांदीच दिसते. आणि झाकण मुठीनं उचलून नखानं टिचकी मार. नाद लगेच मेला नाही तर समज.

माझी झाकणं इथं लॉजच्या काउंटरवर दिव्याला लावलीत. मूठ फिरवली की निघते, त्या भोकातून वायर घातली. चोर वर बघत नाहीत. धाकट्याला भेट, तो तुझ्याच गावात आहे. दादाचं मला विचारू नकोस.

मावशी

१४ फेब्रुवारी

मावशी,

ठसे सापडले! चारही! मी भिंग घेऊन खिडकीत बसले होते आणि ओरडले तशी आईच्या हातातल्या विणकामाचे टाके निसटले.

आणि आणखी एक सापडलं, ते तुम्हाला कुणालाच माहीत नाही असं दिसतंय. ठशांच्या शेजारी टिंबं आहेत. आईच्या झाकणाला तीन, आईच्या ताटलीला दोन. मी लगेच धाकट्या मामाच्या सलूनमध्ये गेले. त्याच्या ताटल्यांपैकी एकीला एक टिंब, दुसरीला चार. म्हणजे घडवणाऱ्यानं प्रत्येक जोडीला खूण केली होती! एकाचं झाकण दुसऱ्याला बसायचंच नाही.

धाकट्या मामाचा थाट तुला ठाऊक आहे का? ताटलीचं बूड पोकळ आहे, बाजूला छोटं बूच आहे, त्यातून आत गरम पाणी भरायचं असतं जेवण गार होऊ नये म्हणून. मामा त्यावर टॉवेल गरम ठेवतो. दाढीनंतर तोंडावर गरम टॉवेल टाकला की गिऱ्हाईक डोळे मिटून देवाचं नाव घेतं. त्याला वाटत होतं हे जस्त-बिस्त आहे. मी ठसे दाखवले तर तो खुर्चीत बसला आणि गिऱ्हाईक उभंच! "अगं, मी ही रोज खिडकीत वाळत ठेवतो," म्हणाला. मग म्हणाला, "घेऊन जा, पण टॉवेलचं काय करायचं ते तूच गिऱ्हाइकांना सांग."

म्हणजे तुझ्याकडे एक टिंब आणि चार टिंबं असणार. दिवा विझवून बघ ना गं!

थोरल्या मामाला लिहिलं होतं. त्यांचं कार्ड आलं: "माझा घुमट संपूर्ण व निर्दोष असून तो काचेच्या कपाटात आहे. नाटक-बिटकासाठी देता येणार नाही." संपलं. आई म्हणते, त्यांनी झाकण आणि ताटलीच्या मधे कापडाची पट्टी घातलीय, डुगडुगू नये म्हणून. कुणी विचारलं तर हवा खेळती राहावी म्हणून, असं सांगतात.

तू झाकणं पाठवशील ना?

भिंगरी

१८ फेब्रुवारी

भिंगरे,

शिडीवर चढून बघितलं. एक टिंब आणि चार. आमचा वेटर खालून शिडी धरून विचारत होता, बाई, काय मोजताय? मी म्हटलं, आमच्या घराण्याची अक्कल.

पट्टीचं वाचून मी पुन्हा हसले. पहिल्यासारखीच, खाली बसून. मग जरा वाईट वाटलं.

पण झाकणं देणार नाही. तुझ्यासाठी जीव देईन, पण हे नाही. दादाचं झाकण ज्या टेबलावर येईल तिथं माझं येणार नाही. त्यानं आधी बोलावं. मी काय चोरी केली होती? नुसती हसले होते. हसण्यावर इतकी वर्षं रुसायचं असतं का? लॉज उघडलं तेव्हा मी त्याची खुर्ची संध्याकाळपर्यंत रिकामी ठेवली होती, हे त्याला कुणी सांगितलंय का? नसेल सांगितलं. तूही सांगू नकोस.

दादाकडून काढून घ्यायचं असेल तर मागू नकोस. मागितलं की तो मूठ आवळतो. त्याला दुसऱ्याची चूक दाखव. दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला तो अंथरुणातून उठून येतो.

मावशी

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच.

तुझ्या आईची ताटली व झाकण एकमेकांना बसत नाहीत व त्यात चूक कुणाची हे मी वडीलकीच्या नात्यानं तपासावं, असं तू लिहिलंस, ते योग्य केलंस. टिंबांबद्दल वाचून मी माझा घुमट कपाटातून काढला. पट्टी बाजूला केली. ती केवळ हवेसाठी होती.

तपासणीअंती असं आढळलं की, माझ्या झाकणास दोन टिंबं असून माझ्या ताटलीस तीन आहेत. तुझ्या आईकडे नेमकं याच्या उलट आहे. याचा अर्थ उघड आहे. तुझ्या आईनं त्या दिवशी चुकीचे नग उचलले. तिचा स्वभाव पहिल्यापासून घाईचा. मी ही चूक समक्ष दुरुस्त करणार आहे. सव्वीस तारखेला सकाळच्या बसनं दोन्ही नग मांडीवर घेऊन येतो. बसमध्ये वर ठेवणार नाही.

नाटकात वापरायला माझी हरकत नाही, पण वाढप्यानं हात धुतलेले असावेत.

लॉजवालीची झाकणं आली का? आली नसतील तर घाई नाही. मी विचारलं असं तिला कळवण्याची आवश्यकता नाही. तिची तब्येत बरी असते ना?

थोरला मामा

२४ फेब्रुवारी

मावशी,

मामांचं पत्र सोबत पाठवतेय. कळवू नकोस म्हणाले होते, म्हणून मी काही कळवत नाही. पाकिटात ते चुकून पडलं असं समज. शेवटच्या दोन ओळी वाच.

आता फक्त तुझीच झाकणं राहिलीत. काल दिग्दर्शकांना सांगितलं, दोन घुमट पूर्ण होतील आणि दोन ताटल्यांना झाकण नाही. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला. म्हणाले, "मग दोन खरे आणि दोन थर्माकोलचे करू. चंदेरी रंग लावून." आणि आधी सामान बघणाऱ्या त्यांच्या जुन्या माणसाला निरोपही धाडला. अठ्ठावीसला रंगीत तालीम आहे. त्या तालमीत टेबलावर चार खरे घुमट नसले तर तो माणूस येणार आणि मी परत बटणं लावायला जाणार. मावशी, मला ते काम आवडत नव्हतं असं नाही. पण इथं मला सकाळी उठल्यावर आनंद होतो. रिकामी खोली बघितली की मला दिसतं कुठं काय ठेवायचं. हे कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये असं फार वाटतं.

तुला रागवायचा हक्क आहे. मी फक्त विचारते.

भिंगरी

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

थर्माकोल? माझ्या बाबांच्या ताटलीवर थर्माकोल?

निघाले. हे पत्र आमचा वेटर पेटीत टाकेल आणि मी याच्या आधीच पोचेन, तरी लिहिते, कारण बोलले तर रडेन. दिवे काढलेत. काउंटरवर उघडे बल्ब लोंबतायत, पाहुण्यांना वाटतंय पोलीस येऊन गेले.

दादाला सांग, तब्येत बरी आहे.

मावशी

५ मार्च

मावशी,

तू तीन तारखेला सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलीस, चहाही घेतला नाहीस. मला सारखी रुखरुख लागून राहिलीय, म्हणून लिहिते.

आधी चांगलं सांगते. तू पुढे बसली होतीस, मी आत विंगेत. मी तिथून प्रेक्षक बघत होते. चार वाढप्यांनी झाकणं उचलली तेव्हा तो नाद गेला ना, अगं, शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी छातीवर हात ठेवला. अख्खं नाट्यगृह चिडीचूप. आणि त्या शांततेत आपले थोरले मामा केवढ्यांदा कुजबुजले, "बघ, दोन टिंबांचं कसं नीट बसलं होतं!" दोन रांगा हसल्या. दिग्दर्शकांनी मला विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, ओळखत नाही.

पडदा पडल्यावर त्यांनी सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "आता ही तुमच्याकडेच राहू दे." झालं! कायम झाले मी! आईनं बटणांचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

आता मनातलं. प्रयोग दुपारचा होता, संध्याकाळी नाट्यगृह रिकामं होतं. मला वाटलं, तुम्ही चौघं एका गावात आहात, टेबल मांडलेलं आहे, घुमट आहेत, तर तुम्हाला तिथंच जेवायला बसवावं. आईला न सांगता मी भात आणि रस्सा केला, बटाटे परतले. ताटल्यांत गरम पाणी भरलं. चार वाढप्यांना थांबवून घेतलं, हात धुवायला लावले. तुम्ही बसलात. तू आणि थोरले मामा समोरासमोर, दोघंही मिठाच्या भांड्याकडे बघताय. मी मान हलवली, झाकणं वर गेली, वाफ आली.

आणि तुम्ही चौघं एकदम उठून उभे राहिलात!

वाटलं, काहीतरी भयंकर चुकलं. रस्सा सांडला? थोरल्या मामांना राग आला? तू निघून जातेस की काय? मी "बसा ना, गार होतंय" म्हणाले, तेही रडत. मग तुम्ही बसलात आणि जेवलात. छान जेवलात. धाकट्या मामानं विनोद सांगितले. पण का उठलात ते कुणी सांगितलं नाही. आईला विचारलं तर ती डोळे पुसते आणि म्हणते, मावशीला लिही.

काय चुकलं माझं?

भिंगरी

९ मार्च

माझे भिंगरे,

काही चुकलं नाही गं. उलट इतकं बरोबर तू आजवर काही केलं नव्हतंस. पहिल्या गाडीनं आले कारण लॉज आमच्या वेटरच्या हाती होतं आणि त्यानं बल्बना माझ्या परकराचे तुकडे बांधून ठेवले होते. चहा घेतला नाही कारण थांबले असते तर तुमच्यासमोर रडले असते. आनंदानंही होतं असं, तुला पुढे कळेल.

बाबांच्या हॉटेलात वाढपी ठेवायची ऐपत नव्हती. वाढपी आम्हीच होतो. शाळेतून आलो की हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि चौघांनी एकेक घुमट उचलायचा. दादा पुढे, मग ताई, मग मी, मग धाकटा. धाकट्याला तर तो दिसायचाही नाही घुमटाच्या मागे. टेबलाशी आलो की बाबा दारातून मान हलवायचे. त्या खुणेसरशी चार झाकणं एकदम वर. पाहुणे "वा वा" म्हणायचे. आम्ही एक पाऊल मागे जाऊन उभे राहायचो, त्यांचं जेवण होईस्तोवर. आम्ही नंतर स्वयंपाकघरात जेवायचो, बाबांच्या मांडीला मांडी लावून. उपाशी नाही राहिलो, मारही नाही खाल्ला. सुखाचे दिवस होते. पण त्या झाकणाखालचं जेवण आपण बसून खायचं असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. मी लॉजची मालकीण झाले, तरी नाही आलं.

त्या दिवशी तू मान हलवलीस. बाबांसारखीच हलवलीस, तुला कुठून आली कोण जाणे. झाकणं वर गेली आणि मी आपोआप उभी राहिले. मी लाजले, म्हटलं, म्हातारी बावचळली. बघते तर ताई उभी. धाकटा उभा. आणि दादा, पांढऱ्या केसांचा, हात पाठीशी बांधून उभा! चौघं उभे, चार खुर्च्या रिकाम्या, आणि समोर चार ताटल्यांतून वाफ निघतेय. मला हसू फुटणार होतं. पण दादाकडे बघितलं आणि हसू आलं नाही. त्याचे डोळे भरले होते.

तू म्हणालीस बसा. पण आम्हाला सवय नव्हती ना. बाबांच्या मागे खूण करायचा मान दादाचा. म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. केवढ्या वर्षांनी सरळ तोंडाकडे बघितलं त्यानं! मला वाटलं आता हा हुकूम सोडेल, जसा जन्मभर सोडत आला तसा. तर अगदी हळू, तुला ऐकूही गेलं नसेल इतक्या हळू, मला म्हणाला, "काय गं, बसायचं का आपण?"

विचारलं त्यानं, भिंगरे. मला विचारलं.

मी म्हटलं, "बस की दादा."

मग तो बसला, आणि आम्ही सगळे जेवलो.

तुझी
मावशी